दिवस वाढतो, तरी सूर्योदय लांबतो कसा?

२२ डिसेंबर हा वर्षातील सर्वांत लहान दिवस असून त्यानंतर दिवस मोठा होत जातो, असे भूगोलाच्या पुस्तकात सांगितलेले असते. शिक्षक ते वर्गात समजावून देतात आणि मुले पाठ करतात. पण जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, शनिवारच्या सकाळच्या शाळेस वाडीवरून चालत येणारा एखादा चौकस मुलगा विचारतो, "गुरुजी, नाताळच्या सुमारास वाटेवर जेवढा उजेड असे, तेवढा आता नसतो. दिवस मोठा होऊ लागला, तर सूर्य आणखी उशिरा का उगवतो?" अशा वेळी मुलाच्या घरचे घड्याळ चुकत असेल, असे म्हणून पुढे जाण्याचा मोह होतो. परंतु घड्याळ चुकत नसते, मुलाची नजर चुकत नसते आणि पुस्तकही चुकत नसते. तिन्ही खरी असता त्यांचा मेळ कसा बसतो हे शिक्षकास सांगता आले नाही, तर मुलगा पुढे एक तर पुस्तकावरचा विश्वास सोडतो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, स्वतः पाहणे सोडतो. म्हणून या प्रश्नाचा उलगडा थोड्या विस्ताराने करणे योग्य होईल.

प्रथम चिपळूणचे आकडे पाहू. चिपळूण सुमारे १७ अंश ३२ कला उत्तर अक्षांशावर आणि ७३ अंश ३१ कला पूर्व रेखांशावर आहे. आडोसा नसलेल्या सपाट क्षितिजावर येथे २२ डिसेंबरला सूर्य सकाळी ७ वाजून २ मिनिटांनी उगवतो व सायंकाळी ६ वाजून ७ मिनिटांनी मावळतो. दिवस ११ तास ५ मिनिटांचा होतो. २० जानेवारीस सूर्योदय ७ वाजून १० मिनिटांनी व सूर्यास्त ६ वाजून २४ मिनिटांनी होतो. दिवस ११ तास १४ मिनिटांचा होतो. म्हणजे या चार आठवड्यांत दिवस ९ मिनिटांनी वाढला हे खरेच. पण सकाळच्या बाजूने तो ८ मिनिटे घटला आणि सायंकाळच्या बाजूने १७ मिनिटे वाढला. पुस्तक दिवसाची लांबी सांगत होते, मुलगा सकाळची कड पाहत होता. वर्षातील सर्वांत उशिराचा सूर्योदय चिपळुणात २२ डिसेंबरला नसून २० जानेवारीच्या आसपास असतो. त्याचप्रमाणे सर्वांत लवकरचा सूर्यास्त २२ डिसेंबरच्या जवळजवळ महिनाभर आधी, २५ नोव्हेंबरच्या सुमारास, सहाला एखादे मिनिट कमी असता होतो.

(वरील व पुढील सर्व वेळांत वर्षागणिक एखाद्या मिनिटाचा फरक पडू शकतो, तो मुलांच्या कामास आड येत नाही.)

हे कसे घडते ते समजण्यासाठी दिवसाच्या दोन टोकांऐवजी त्याच्या मध्यावर, म्हणजे मध्यान्हावर, लक्ष ठेवावे. धोतर मधोमध दुमडले म्हणजे घडीच्या दोन्ही बाजूंस सारखेच कापड येते. त्याप्रमाणे मध्यान्हाच्या दोन्ही बाजूंस दिवसाचा सारखाच भाग असतो. कापड लांब झाले तर दोन्ही टोके घडीपासून सारखीच दूर जातात. पण कापड लांबत असतानाच घडीची जागाही सरकू लागली तर? २२ डिसेंबरला चिपळूणचे मध्यान्ह घड्याळात १२ वाजून ३४ मिनिटांनी होते. २० जानेवारीस ते १२ वाजून ४७ मिनिटांच्या सुमारास होते. घडी साडेबारा मिनिटांनी पुढे सरकली. तेवढ्याच काळात दिवसाचा प्रत्येक अर्धा भाग साडेचार मिनिटांनी वाढला. साडेबारातून साडेचार वजा केल्यास ८ उरतात, तेवढा सूर्योदय लांबला. साडेबारात साडेचार मिळविल्यास १७ होतात, तेवढा सूर्यास्त लांबला. चौथीच्या मुलासही ही बेरीज-वजाबाकी फळ्यावर करता येते.

आता दोन प्रश्न उरतात : दिवसाची लांबी का बदलते, आणि मध्यान्ह का सरकते.

पहिल्याचे उत्तर शिक्षकांस परिचित आहे. पृथ्वीचा आस तिच्या भ्रमणकक्षेच्या पातळीशी काटकोनात नसून सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे व तो वर्षभर एकाच दिशेस राहतो. हे दाखविण्यास कोकणातील शाळेला विकतचा पृथ्वीगोल नसला तरी चालते. सोललेला नारळ घ्यावा. डोळ्यांकडचा शेंडा हा उत्तर ध्रुव मानावा व मध्यावर खडूने विषुववृत्त आणि त्याच्या थोडे वर चिपळूणचे अक्षवृत्त काढावे. अंधाऱ्या खोलीत मधोमध कंदील ठेवून, नारळ कललेला धरून, कल न बदलता कंदिलाभोवती न्यावा. शेंडा कंदिलाकडे झुकलेला असता चिपळूणच्या वर्तुळाचा अर्ध्याहून अधिक भाग उजेडात येतो. समोरच्या बाजूस गेल्यावर अर्ध्याहून कमी येतो. येथे बहुतेकांच्या हातून एक चूक होते : प्रदक्षिणा घालताना नारळाचा शेंडा नकळत सतत कंदिलाकडे वळविला जातो. तसे झाले की सर्व प्रयोग फुकट जातो. म्हणून शेंड्याची दिशा खोलीतील एखाद्या खुंटीकडे ठेवण्याची ताकीद आधीच द्यावी.

चिपळूण विषुववृत्तापासून फार दूर नसल्यामुळे येथे हा फरक बेताचा असतो. २१ जूनला सूर्योदय ६ वाजून ३ मिनिटांनी, सूर्यास्त ७ वाजून १३ मिनिटांनी व दिवस सुमारे १३ तास ११ मिनिटांचा. म्हणजे सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांत दोन तासांहून थोडेच अधिक अंतर. कन्याकुमारीस हेच अंतर तासाभराच्याही आत असते. श्रीनगरला ते साडेचार तासांचे, तर लंडनला पावणेनऊ तासांचे असते. वाढही वर्षभर सारखी नसते. मार्च व सप्टेंबरात दिवस रोज सुमारे एक मिनिटाने बदलतो, डिसेंबर व जूनच्या अखेरच्या भागात तो जवळजवळ स्तब्ध असतो आणि संक्रांतीच्या सुमारास रोज अर्ध्या मिनिटाच्या आसपास वाढतो. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असे घरोघरी म्हणतात. वाढीचे ते माप मोठे नेमके आहे, मात्र वाढीचा आरंभ त्यापूर्वी तीन आठवडे झालेला असतो. सूर्याचे उत्तरेकडे वळणे २२ डिसेंबरच्या सुमारास होते आणि मकर संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी या दोन गोष्टी एकाच दिवशी येत होत्या. पृथ्वीच्या आसाची दिशा अत्यंत मंदपणे फिरत असल्यामुळे त्यांच्यात दर सत्तर-बहात्तर वर्षांस एक दिवस याप्रमाणे अंतर पडत गेले. सण चुकीचा आहे असे मुलांस सांगण्याचे कारण नाही. तो ताऱ्यांच्या संदर्भाने मोजला जातो, एवढे सांगावे.

दुसरा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे आणि पाठ्यपुस्तके त्यास सहसा स्पर्श करीत नाहीत. एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंतचा काळ बरोबर २४ तासांचा असतो असे आपण धरून चालतो. तो सरासरीने तसा असतो. प्रत्यक्षात मात्र डिसेंबरच्या अखेरीस तो २४ तासांहून सुमारे अर्ध्या मिनिटाने मोठा असतो आणि सप्टेंबरच्या मध्यास सुमारे वीस सेकंदांनी लहान. घड्याळ सारख्या चालीने चालते, सूर्य तसा चालत नाही. रोजचे अर्धे मिनिट साठत जाऊन महिनाभरात मध्यान्ह पाव तासाच्या जवळपास सरकते.

याची कारणे दोन. पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळ नसून किंचित लंबवर्तुळ आहे. जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्यास सर्वांत जवळ, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते आणि तेव्हा तिचा कक्षेतील वेगही सर्वांत अधिक असतो. (उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो म्हणून उकडते, हा मुलांचा समज या एका आकड्याने दूर होतो.) पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर ती कक्षेत पुढे गेलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा डोक्याशी येण्यास तिला आणखी थोडे, सरासरीने जवळजवळ चार मिनिटे, वळावे लागते. ज्या काळात ती कक्षेत वेगाने जाते त्या काळात हे जादा वळणे अधिक होते. दुसरे कारण आसाच्या कलाचेच आहे. पृथ्वीगोलावर सूर्याचा वार्षिक मार्ग रेखाटला तर तो विषुववृत्तास तिरका छेदतो. तेथे त्याच्या गतीचा काही भाग उत्तर-दक्षिण जाण्यात खर्ची पडतो. कर्कवृत्त व मकरवृत्ताशी मात्र तो विषुववृत्तास समांतर होतो, शिवाय तेथे रेखावृत्ते एकमेकांस जवळ आलेली असतात; त्यामुळे तेवढ्याच चालीत सूर्य अधिक रेखांश ओलांडतो आणि मध्यान्ह लांबते. डिसेंबरात ही दोन्ही कारणे एकाच बाजूस ओढतात, जूनमध्ये एकमेकांविरुद्ध. म्हणून जूनमध्येही असाच प्रकार घडतो, पण सौम्य : सर्वांत लवकरचा सूर्योदय ३-४ जूनच्या सुमारास ठीक सहा वाजता आणि सर्वांत उशिराचा सूर्यास्त ६ जुलैच्या सुमारास सव्वासातला.

ही गोष्ट पश्चिमेकडून नव्याने आलेली आहे असे शिक्षकांनी समजू नये. आपल्या ज्योतिषग्रंथांत सूर्योदयाची वेळ काढताना चार निरनिराळे संस्कार सांगितलेले आहेत. अक्षांशामुळे पडणारा फरक तो चर, रेखांशामुळे पडणारा तो देशांतर, सूर्याच्या कमी-अधिक गतीमुळे पडणारा तो भुजांतर, आणि मार्गाच्या तिरपेपणामुळे पडणारा तो उदयांतर. यांतील उदयांतराचे विवेचन भास्कराचार्यांनी शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त केले आहे. पंचांगात आजही छापले जाणारे दिनमान हे दिवसाच्या लांबीचेच घटी-पळांतील माप होय. २४ मिनिटांची एक घटी धरून चिपळूणच्या सर्वांत लहान दिवसाचे मिनिटांवरून घटी-पळे करण्याचे उदाहरण वरच्या इयत्तेस घालता येईल; उत्तर २७ घटी ४२ पळे इतके येईल. या सर्व परंपरेचा इतिहास मराठीत ज्यांनी लिहिला, ते शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) याच रत्नागिरी जिल्ह्यातले, दापोलीजवळच्या मुरूडचे. त्यांचा 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. आणि ते व्यवसायाने शिक्षक होते.

देशांतराचा विचार चिपळुणात विशेष करावा लागतो. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरते. चिपळूण त्याच्या पश्चिमेस जवळजवळ ९ अंश आहे. दर अंशास ४ मिनिटे याप्रमाणे येथील सूर्य घड्याळाच्या ३६ मिनिटे मागे असतो. म्हणून मध्यान्ह बाराला न होता साडेबाराच्या पुढेमागे होते. नागपूरच्या मुलांचे मध्यान्ह चिपळूणच्या २२ मिनिटे आधी होऊन जाते, जरी दोन्हीकडचे घड्याळ एकच असते. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ सुरू झाली. तरी मुंबई शहराने तिच्या ३९ मिनिटे मागे चालणारा आपला 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत धरून ठेवला होता, यावरून लोकांस सूर्याशी जुळते घड्याळ सोडणे किती जड गेले असेल ते दिसते.

भिंतीवरील दिनदर्शिकेत बहुधा मुंबईच्या वेळा दिलेल्या असतात. त्या चिपळुणास जशाच्या तशा लागू करू नयेत. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दोन्हीकडे सूर्य जवळजवळ एकाच मिनिटास उगवतो, पण मुंबईस पाच-सहा मिनिटे उशिरा मावळतो. डिसेंबरात उलट, मुंबईस पाच-सहा मिनिटे उशिरा उगवतो आणि मावळतो मात्र एकाच सुमारास. मुंबई पश्चिमेस असल्याने तेथे सर्वच थोडे उशिरा होते. ती उत्तरेसही असल्याने तेथील दिवस उन्हाळ्यात जरा मोठा व हिवाळ्यात जरा लहान असतो. हे दोन फरक कधी एकमेकांत मिळतात, कधी फिटतात.

याहून मोठा फरक सह्याद्री पाडतो. गणिताचा सूर्योदय सपाट क्षितिजाचा असतो आणि चिपळूण तालुक्यास पूर्वेचे क्षितिज असे जवळपास नाहीच. डोंगराची कड क्षितिजापासून एक अंश वर असेल तर सूर्य चार-साडेचार मिनिटे उशिरा दिसतो. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या पोफळी, शिरगाव, तिवरे या गावांत कड फारच उंच दिसते. वाशिष्ठीच्या खालच्या अंगास, गोवळकोटाकडे, ती बरीच उतरलेली असते. त्यामुळे एकाच तालुक्यातील दोन शाळांच्या नोंदी जुळणार नाहीत, आणि जुळल्या तर त्या पाहून लिहिलेल्या नाहीत असे खुशाल समजावे. हात पुढे ताणून धरलेली करंगळी सुमारे एक अंश झाकते. तिने कडेची उंची मोजून आपल्या गावचा उशीर किती हे मुलांनीच काढावे.

सह्याद्रीची ही अडचण दुसऱ्या बाजूने सोयच आहे. सूर्य पूर्वेस उगवतो हे वाक्य अगदी तंतोतंत वर्षातून दोनच वेळा, मार्च व सप्टेंबरच्या विषुवदिनी, खरे असते. डिसेंबरच्या अखेरीस तो चिपळुणात पूर्वेच्या साडेचोवीस अंश दक्षिणेस, तर जूनच्या अखेरीस तेवढाच उत्तरेस उगवतो. शाळेच्या पडवीत एक जागा ठरवून तेथून दिसणारी डोंगराची कड, तिच्यावरील खिंडी व सुळक्यांसह, मोठ्या कागदावर रेखाटावी आणि दर आठवड्यास सूर्य कोठून वर आला तेथे तारीख लिहावी. मार्चमध्ये उगवतीची जागा रोज सूर्यबिंबाच्या पाऊण रुंदीइतकी सरकलेली आढळेल. डिसेंबरात आठवडाभर ती हललीच नाही असे वाटेल. सूर्यबिंब नुसत्या डोळ्यांनी रोखून पाहू नये, कड उजळताच जागा हेरावी, ही सूचना प्रथमच द्यावी.

पावसाळ्यात हे काम चालत नाही हे उघड आहे. शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि तेव्हापासून सप्टेंबरपर्यंत कोकणात सूर्य दिसेल त्या दिवशी दिसेल. म्हणून नोंदवही दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू करावी व एप्रिलपर्यंत चालवावी. २५ नोव्हेंबर, २२ डिसेंबर व २० जानेवारी या तीन तारखा तीत येतातच, आणि प्रारंभीच्या प्रश्नास लागणारा सर्व पुरावा त्यांतच आहे. चाणाक्ष मुले आणखी एक कोडे काढतील. विषुवदिनी दिवस व रात्र समान असतात असे पुस्तक म्हणते. पण २१ मार्चला चिपळूणचा दिवस १२ तास ७ मिनिटांचा भरतो. कारण सूर्योदय बिंबाच्या मध्यावरून नव्हे, वरच्या कडेवरून धरतात, आणि हवेत किरण वाकत असल्यामुळे सूर्य क्षितिजाखाली असतानाच दिसू लागतो. खरी समानता मार्चच्या मध्यास येऊन गेलेली असते.

ढग कमी-अधिक असले तरी चालेल असा दुसरा प्रयोग काठीचा आहे. जमिनीवर बरोबर एक मीटर राहील अशी सरळ काठी ओळंब्याने उभी रोवावी. तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढून, सकाळी सावलीचे टोक ज्या बिंदूत वर्तुळाच्या आत येते व दुपारी ज्या बिंदूतून बाहेर जाते, ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. तिला काठीपासून काढलेला लंब ही उत्तर-दक्षिण रेषा. सावली तीवर आली की मध्यान्ह. त्या क्षणी घड्याळ पाहून ठेवावे. २२ डिसेंबरला मध्यान्हाची सावली सुमारे ८७ सेंटिमीटर भरेल, २१ मार्चला ३२. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हे मध्यान्ह १२ वाजून २० मिनिटांनी व फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात १२ वाजून ५० मिनिटांनी होते. अर्ध्या तासाचा हा फरक भिंतीवरच्या साध्या घड्याळानेही लपत नाही.

मे महिन्यात काठीची सावली नाहीशी होते. १० मेच्या सुमारास १२ वाजून ३२ मिनिटांनी सूर्य चिपळूणच्या बरोबर माथ्यावर असतो. शाळेस सुट्टी असल्याने हे पाहण्याचे काम मुलांस घरच्या अंगणात नेमून द्यावे. त्यानंतर दुपारची सावली दक्षिणेस पडू लागते, २१ जूनला ती १० सेंटिमीटरची होते, आणि ३ ऑगस्टच्या सुमारास पुन्हा शून्यावर येते. तेव्हा शाळा भरलेली असते, मात्र आभाळ बहुधा झाकलेले असते. दोन दिवस मागेपुढे झाल्यास सावली एका सेंटिमीटरच्या आतच राहते. म्हणून १ ते ५ ऑगस्टपर्यंत काठी रोवलेली ठेवावी, आणि यांपैकी कोणत्याही दिवशी पावणेएकच्या आधी ढग फाटले, तर चालू असलेला तास थांबवून मुलांस अंगणात सोडावे.